फेरीमागे काय उरतं?

बेटा,

परवा तू वाडीच्या ऑफिसात येऊन गेलीस. तुझ्या ट्रकच्या ॲपचे गुंतवणूकदार म्हणतात, रायपूर आणि हैदराबाद दोन्ही लाईन एकदम उघडा, भाडं पाडा, तोटा आम्ही बघतो. तुझं मन धजत नाही. बुटीबोरी ते भिवंडी एका फेरीमागे तुला काय उरतं, एवढंच मी विचारलं, तर तू लॅपटॉपवर महिन्याचे लोड दाखवलेस. ते मी विचारलंच नव्हतं.

अमेरिकेत सिएटलची कॉन्व्हॉय कंपनी 2015 मध्ये निघाली. ट्रक आणि मालाची ॲपवर गाठ घालायची, रिकाम्या फेऱ्या कमी करायच्या, म्हणजे तुझाच धंदा. बेझोस आणि गेट्स यांचा पैसा तिच्यात होता. एप्रिल 2022 मध्ये किंमत लागली 3.8 अब्ज डॉलर, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये कुलूप. कोविडात चढलेलं भाडं उतरलं, बाजारातला पैसाही आटला. सॉफ्टवेअर चांगलंच होतं, ते नंतर फ्लेक्सपोर्ट या मालवाहतूक कंपनीने घेतलं. पण बाजार पडला म्हणून कंपनी बुडाली, असं मला सांगू नकोस. भाडं पडतंच! संत्र्याच्या मोसमात कळमन्याच्या बाजारात गाडी मिळत नाही, आणि मोसम सरला की त्याच गाड्या मालाची वाट बघत उभ्या. मालवाल्याकडून घेतलं आणि गाडीवाल्याला दिलं, यातल्या फरकावर तुझे सगळे पगार निघायचेत. फेरीमागे उरलं पाहिजे.

आपल्याकडच्या रिव्हिगो या ट्रक कंपनीचं मला खरंच वाईट वाटतं. चार-पाच तासांवर ड्रायव्हर बदलायचा, तो परतीची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी. ड्रायव्हरचा एवढा विचार आमच्या पिढीने केला नाही. पण रिलेला दोन्हीकडून भरलेली गाडी लागते. 2022 मध्ये त्यांचा एक्सप्रेस धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सने 225 कोटींना घेतला.

आणि उधारीचं काय? गाडीवाला माल भरतानाच बहुतेक भाडं मागतो. कंपनी पोचपावती मिळाल्यावर दोन-तीन महिन्यांनी देते, तेही तूटफूट कापून. लोड दुप्पट झाले की अडकलेला पैसाही दुप्पट. हे इतकं साधं असताना तुम्ही शिकलेली पोरं वाढीचे आलेख काय दाखवता?

तेजीत मी हप्त्यावर गाड्या वाढवल्या नाहीत. धाकटा भाऊ त्यावरून वेगळा झाला, अजून दिवाळीला येत नाही. ते मला लागतं. लोक कंजूस म्हणाले, म्हणोत. माझ्याकडे ड्रायव्हरचा पगार कधी अडला नाही. पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच करीन.

तू हुशार आहेस, गाडीवाले तुझ्या शब्दावर गाडी लावतात. म्हणून सांगतो. गेल्या महिन्याच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, काढ. प्रत्येकीसमोर भाडं, गाडी थांबल्याचं हाल्टिंग, हमाली, कपात, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि तुझ्या माणसांचा पगार लिही. ज्या लाईनीत उरतं तीच धर. हैदराबाद आत्ता नको. हिशेब घेऊन रविवारी घरी ये, आणि तोवर त्यांच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

तुझा काका