गाळ पाहिला अन् गाय लिहिली

प्रश्न : नमस्कार ताई, मी अमळनेरची, टीवायबीएला सायकॉलॉजी आहे. प्रॅक्टिकलला सारख्या आवाजाचे शब्द आणि शॉर्ट टर्म मेमरी हा विषय घेतला. २० पोरापोरींना आधी दूध, विहीर, कपाशी, बैल, चप्पल, पेन्सिल असे शब्द कार्डावर एकेक करून दाखवले, मग गाळ, माळ, टाळ, बाळ, जाळ, डाळ, आणि आठवतील ते लिहा म्हटलं. पुस्तकात लिहिलंय सारख्या आवाजाचे कमी आठवतात, माझे उलट दोन-तीन जणांचे जास्तच आले, बाकीच्यांचे सारखेच. मैत्रीण म्हणते आकडे थोडे फिरव. आणि खेड्यावरच्या तिघांनी गाळच्या जागी गाय, माळच्या जागी माय लिहिलंय, ते चूक धरू का बरोबर?

उत्तर : आकडे अजिबात फिरवू नको गं, आलेत ते चांगलेच आलेत, फक्त तुझा प्रयोग भलत्याच गोष्टीला मार्क देऊन बसलाय.

तू "आठवतील ते लिहा" म्हणालीस ना, तिथेच गाडी घसरली. सारख्या आवाजाचा दणका बसतो तो क्रमाला. कोणता शब्द आधी, कोणता नंतर, हा घोळ होतो. क्रम विचारलाच नाही तर यमक उलट मदतच करतं, कारण पोराला एवढं कळलं की सगळे "आळ"वाले आहेत, की तो क, ख, ग लावत लावत टाळ, डाळ, जाळ काढतोच की. मानसशास्त्रज्ञ बॅडली यांनी १९६६ मध्ये पाच-पाच इंग्रजी शब्द ऐकवून क्रमानेच लिहायला लावले होते, तेव्हा सारख्या आवाजाच्या याद्या १०० तल्या जेमतेम १० बिनचूक आल्या आणि वेगळ्या आवाजाच्या ८० च्या वर. अर्थाने सारखे शब्द दिले तेव्हा मात्र फरक अगदी थोडा पडला. म्हणून सहा रेघा आखून दे, पहिला शब्द पहिल्या रेघेवर, जागा चुकली की मार्क गेला.

दुसरं, कपाशी, पेन्सिल हे लांब शब्द. लांब शब्द मनात घोळवायला वेळ लागतो म्हणून ते कमी आठवतात, म्हणजे तुझी सोपी यादी तूच अवघड करून ठेवली. आणि यमकाची यादी सगळ्यांना दुसऱ्या नंबरला, तोवर हात बसलेला असतो. अर्ध्यांना यमकाची यादी आधी दे.

आता गाय आणि माय. खरं सांगू, तुझ्या अख्ख्या प्रॅक्टिकलमधलं मला हेच सगळ्यात आवडलं. आपल्याकडे ळ चा य होतो हे तुला मी काय सांगू, माझी पाचोऱ्याची आजी मरेपर्यंत डोळ्याला डोयाच म्हणायची आणि शाळेत मी वहीत डोया लिहिलं म्हणून छडी खाल्लीय. त्या तिघांनी कार्डावर गाळ डोळ्यांनी पाहिला, पण मनात ठेवला तो घरी बोलतात त्या आवाजात, आणि कागदावर उतरला तोही तोच आवाज. १९६४ मध्ये कॉनरॅड या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी अक्षरं पडद्यावर नुसती दाखवली होती, ऐकवली नव्हती, तरी लोक व्हीच्या जागी पी, एफच्या जागी एस असं आवाजाला जवळचंच चुकत होते. तुझ्या पोरांनी तेच केलंय, आपल्या खानदेशातल्या अहिराणीत.

म्हणून ते सरसकट चूकही नाही आणि बरोबरही नाही, जागा बरोबर असेल तर वेगळा रकाना कर आणि रिपोर्टमध्ये त्या तिघांवर एक पॅरा लिही. पुढच्या फेरीला ळ असलेले शब्द नकोच, त्यांच्याऐवजी हात, भात, दात, वात, जात, लाथ घे, समोर दूध, बैल, पेन, चोर, मीठ, खत. एकेक कार्ड एक सेकंद, मोबाईलच्या टिकटिकीवर.

वेळ उरला तर थोड्या जणांना कार्ड बघताना तोंडाने सारखं "ने ने ने" म्हणायला लाव. हसतील, हसू दे. तोंड अडकलं की दाखवलेल्या शब्दांना मनात आवाज मिळत नाही आणि दोन याद्यांमधला फरक जवळजवळ जातो, पण तेच शब्द तू वाचून ऐकवलेस तर फरक राहतो. एकच काळजी घे, दाखवलेले आणि ऐकवलेले कागद एकाच गठ्ठ्यात टाकू नको.