ग्रेट सेंट मेरीज, केंब्रिज: मनोरा चढावा का?

तुमचा प्रश्न असा: किंग्ज कॉलेजचं चॅपल पाहून झाल्यावर हातात तासभर उरतोय, सोबत आईबाबा आहेत, तर समोरच्या ग्रेट सेंट मेरीज या चर्चमध्ये जावं का?

जावं. पण आधी पत्ता नीट पाहा. केंब्रिजमध्येच लिटल सेंट मेरीज वेगळं आहे, आणि ऑक्सफर्डचं विद्यापीठ चर्चही सेंट मेरीच्याच नावाचं. तुम्हाला हवं ते विद्यापीठाच्या सिनेट हाऊस या इमारतीसमोरचं, बाजाराला पाठ लावून उभं असलेलं.

मनोऱ्याला 123 पायऱ्या, गोल जिना, अरुंद. समोरून कोणी आलं की एकाला थांबावंच लागतं. गुडघ्यांचा खरा कस उतरताना लागतो, कारण खांबाकडची पायरी निमुळती होत जाते. पाऊल बाहेरच्या, रुंद बाजूला टाका. आईबाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांनी खालीच थांबावं. आत, वेदीकडच्या भागात, मार्टिन ब्यूसरची स्मृतिपट्टिका आहे. 1551 मध्ये इथे पुरलेल्या या प्रोटेस्टंट धर्मपंडिताचं शव 1557 मध्ये, कॅथलिक राणी मेरीच्या काळात, उकरून बाजारात जाळलं गेलं.

वर जाण्याची वेळ मात्र जपा. तासाच्या ठोक्याला वर असलात तर घंटा पायाखालीच वाजतात, बोलणंही ऐकू येत नाही. टोले रस्त्यावरून ऐका आणि मग चढा. दर पाव तासाला घंटांवर वाजणारी ही धून 1793 सालची, इथलीच. लंडनच्या बिग बेनने ती नंतर उचलली, उलट नव्हे. सव्वाला एक ओळ, साडेला दोन, पावणेला तीन, पूर्ण तासाला चार. वेगळ्या ओळी पाचच, त्यामुळे तेच चक्र तासात दोनदा फिरतं. पुरी मजा हवी तर पूर्ण तासाचीच वेळ धरा.

वरून पश्चिमेला अगदी समोर सिनेट हाऊस. 1730 च्या आधी पदवीदान या चर्चमध्येच व्हायचं. र. पु. परांजपे 1899 मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले, ती यादी समोरच्या त्याच इमारतीत वाचली गेली.

खाली उतरल्यावर मनोऱ्याच्या भिंतीवरची छोटी गोल खूण शोधा, बहुतेक लोक तिच्यावरून सरळ निघून जातात. 1725 मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवरचे मैल मोजायला याच बिंदूपासून सुरुवात झाली. पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी या चर्चपासून 3 मैलांच्या आतच राहायचं, हा विद्यापीठाचा नियम अजूनही आहे.