हरभऱ्यावरच्या अळीचं नाव का बदललं, आणि त्याचा तुमच्या फवारणीशी काय संबंध

शेतकरी बंधू-भगिनींनो, हरभरा घाटे धरू लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत निम्मे घाटे अळीचे असतात. या वेळी त्यांतले बरेचसे नावांवरून आले. नावाचा प्रश्न वरवरचा वाटतो, पण चुकीचं नाव धरून चुकीचा ल्युअर (सापळ्यात नर पतंगाला ओढणारी गंधाची गोळी) किंवा अळीला रोग लावणारा चुकीचा विषाणू घेतला की पैसा पाण्यात जातो आणि हंगामातले दहा दिवस हातचे जातात. म्हणून ही उत्तरं सविस्तर देतो.

प्रश्न : साहेब, वडिलांच्या जुन्या पीक संरक्षणाच्या पुस्तकात हरभऱ्यावरच्या अळीचं नाव हेलिओथिस आहे. दुकानातल्या बाटलीवर हेलिकोव्हर्पा लिहिलंय. नवी अळी आली का? औषधही नवं घ्यायचं का?

उत्तर : दादा, अळी तीच आहे. सातबाऱ्यावर फेरफार झाला की नाव बदलतं, जमीन जागची हलत नाही, तसंच हे आहे. पण हा फेरफार का झाला ते समजून घ्या, पुढच्या तिन्ही उत्तरांना ते लागणार आहे.

पतंगांचं नॉक्टुइडी नावाचं एक मोठं कुल आहे. रात्री बल्बभोवती घिरट्या घालणारे भुरे, जाडसर अंगाचे पतंग बहुतेक याच कुलातले. कुलात पोटशाखा असतात, त्यांना उपकुल म्हणतात. आपली घाटे अळी ज्यात येते त्या उपकुलाचं नाव हेलिओथिनी. हे नाव १८२८ पासून चालत आलं आहे. जगभरात या उपकुलात साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा शेतकऱ्याला काडीचा त्रास नाही. कुणी एकाच रानफुलावर जगते, कुणी एकाच वनस्पती-कुलावर. जे दिसेल ते खाणाऱ्या जाती मोजक्या, आणि जगातलं बहुतेक नुकसान त्या मोजक्यांनीच केलं आहे.

या उपकुलातल्या अळ्यांचा ओढा पानापेक्षा फूल, शेंग, बोंड आणि दाण्याकडे असतो. घाटे अळीच्या अंगावर भिंगातून पाहिलं तर कातडी बारीक काटेरी दिसते. तंबाखूवरची पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा, शेजारी ठेवून बघा. तिची कातडी गुळगुळीत असते. रंगावर मात्र जाऊ नका. घाटे अळी हिरवी, तपकिरी, पिवळसर, गुलाबी अशा कुठल्याही रंगात दिसते. एकाच ओळीत हिरवी आणि तांबूस अशा दोन सापडल्या तर ‘दोन प्रकारच्या अळ्या पडल्यात’ असं समजून दोन औषधं आणू नका.

आता नावाकडे येऊ. हेलिओथिस हा वंश, म्हणजे उपकुलाच्या आतली आणखी छोटी शाखा, १८१६ मध्ये स्थापन झाला आणि पुढे दीडशे वर्षं यातले पुष्कळ पतंग त्याच एका खात्यात जमा होत गेले. १९६५ मध्ये हार्डविक या कॅनडाच्या कीटकशास्त्रज्ञाने पतंगांचे जननावयव उघडून तपासले. पंखांची नक्षी फसवते, हे अवयव सहसा फसवत नाहीत. घाटे अळीचा पतंग, अमेरिकेतल्या मक्याच्या कणसातला झिया हा पतंग आणि त्यांच्या जवळचे काही यांची रचना बाकीच्यांहून वेगळी निघाली, म्हणून त्यांच्यासाठी त्यांनी हेलिकोव्हर्पा हा स्वतंत्र वंश केला. ही वाटणी सगळ्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. १९८१ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत या किडीवर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली, तिच्या नावातही हेलिओथिसच होतं. तुमच्या वडिलांचं पुस्तक त्याच काळातलं असणार. ते टाकून देऊ नका, त्यातलं जीवनक्रमाचं वर्णन आजही बरोबर आहे. कीटकनाशकांची पानं मात्र वापरू नका.

म्हणजे पूर्ण पत्ता असा : कुल नॉक्टुइडी, उपकुल हेलिओथिनी, वंश हेलिकोव्हर्पा, जाती आर्मिजेरा.

याहून मोठा घोळ मराठी नावांचा आहे. हरभऱ्यात घाटे अळी, कपाशीत हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, तुरीत शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोत फळ पोखरणारी अळी. चारही नावं हेलिकोव्हर्पा आर्मिजेराचीच. ‘अमेरिकन’ हे विशेषण तर सरळ चुकीचं आहे. ही जाती आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलियाकडची, अमेरिकेची ती झिया. आपली अळी ब्राझीलमध्ये पोचल्याची नोंद २०१३ मधली आहे.

चार पिकांत चार नावं असली की चार शत्रू वाटतात, आणि चारही ठिकाणी तेच औषध मारलं जातं. पतंग तर कपाशीतून तुरीवर, तुरीवरून हरभऱ्यावर, तिथून टोमॅटोवर जातो. तुमच्या तुरीत दोन फवारण्यांतून वाचलेल्या अळ्यांचे पतंग बांधापलीकडच्या हरभऱ्यावर अंडी घालतात. औषधाला टिकून राहण्याची ताकद ते सोबत घेऊन येतात. तेव्हा तुरीत इमामेक्टिन बेंझोएट मारलं असेल तर हरभऱ्यात औषधाचा गट, म्हणजे अळीला मारण्याची त्याची पद्धत, बदला. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी, १० लिटर पाण्यात २.५ मिली, हा वेगळ्या गटातला पर्याय आहे. उलट तुरीत क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल झालं असेल तर हरभऱ्याला इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, १० लिटरला ४.४ ग्रॅम. नुसतं कंपनीचं नाव बदलू नका. बाटलीवरचं तांत्रिक नाव वाचा, वेगवेगळ्या चार डब्यांत एकच घटक असू शकतो. फवारणीची वही पिकानुसार वेगळी न ठेवता सगळ्या रानाची मिळून एकच ठेवा, म्हणजे मागच्या पिकात काय मारलं ते डोळ्यासमोर राहील.

प्रश्न : एकरी दोन कामगंध सापळे लावले. आठ दिवसांत घाटे अळीचा एकही पतंग नाही, दुसरेच पाच-सहा मिळाले. घाट्यांना मात्र भोकं पडली आहेत. सापळे खोटे असतात का?

उत्तर : सापळा खोटा नव्हता, ल्युअर दुसऱ्या पतंगाचा होता. या शेतकऱ्यांनी पाकीट जपून ठेवलं होतं, त्यावर ‘स्पोडोल्युअर’ छापलेलं. दुकानातून तसंच हाती आलं आणि लावलं गेलं. तो स्पोडोप्टेराचा गंध आहे. हरभऱ्याला ‘हेलिल्युअर’ हवा. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी ‘गॉसिप्ल्युअर’ लागतो. नावात बोंडअळी असली तरी गुलाबी बोंडअळी नॉक्टुइडी कुलातलीसुद्धा नाही, तिचं कुल गेलेचिडी.

मादीच्या गंधाने नर येतो, एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्या गंधाची जुळणी किती काटेकोर असते ते पाहा. हेलिकोव्हर्पा आर्मिजेराच्या गंधात दोन मुख्य घटक असतात, एक साधारण ९७ भाग आणि दुसरा ३ भाग. याच वंशातली सख्खी बहीण म्हणावी अशी हेलिकोव्हर्पा असुल्टा तंबाखूच्या बोंडात, रसभरीत आणि चीन-कोरियाकडे मिरचीत राहते. तिच्या गंधात तेच दोन घटक आहेत, पण प्रमाण उलटं. जो एकीत भरपूर तो दुसरीत चिमूटभर. एका वंशातल्या दोन बहिणींत एवढा फरक, तर दुसऱ्या उपकुलातल्या स्पोडोप्टेराच्या गंधावर घाटे अळीचा नर कशाला येईल?

ल्युअर बरोबर असूनही पतंग येत नसतील तर तो कधी बसवला ते आठवा. तीन-चार आठवड्यांनी तो बदलावा लागतो. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर ठेवा. पीक वाढतं तसा सापळाही वर घ्यावा लागतो, आणि हेच बहुतेक जण विसरतात. ल्युअर हाताळण्याआधी तंबाखूचे हात धुवा.

सापळ्यातला पतंग ओळखायचा कसा? पांढऱ्या कागदावर ठेवा आणि चिमट्याने पुढचा पंख बाजूला करा. खालचा मागचा पंख फिकट पांढुरका असतो, त्याच्या बाहेरच्या कडेला रुंद काळपट पट्टा आणि त्या पट्ट्यात एक फिकट डाग. पुढच्या पंखावर मध्याच्या पुढे मूत्रपिंडाच्या आकाराचा काळसर ठिपका. नर हिरवट-पिवळसर छटेचा असतो, मादी तांबूस-तपकिरी. स्पोडोप्टेराच्या पुढच्या पंखावर पांढऱ्या रेघांची गुंतागुंतीची जाळी आणि मागचा पंख जवळजवळ कोरा पांढरा. दोन-तीनदा पाहिलं की पुढे भिंग लागत नाही.

एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस रोज ८ ते १० पतंग येऊ लागले, किंवा मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, की उपाय सुरू करा. त्याआधी फवारणी नको.

प्रश्न : हरभऱ्यासाठी आणलेला एचएएनपीव्ही उरला होता. तो सोयाबीनवरच्या अळ्यांवर मारला. काही फरक पडला नाही. औषध बनावट होतं का?

उत्तर : बनावट म्हणायच्या आधी अळी कोणती होती ते सांगा, असं मी विचारलं. वर्णन आलं : अंडी पुंजक्याने, त्यावर भुरकट केसांचं आवरण, लहान अळ्यांनी झुंडीने पानांची जाळी केली. ही स्पोडोप्टेरा लिट्युरा. घाटे अळीचं अंडं एकेक सुटं असतं, खसखशीच्या दाण्याएवढं, पांढुरकं. स्पोडोप्टेरा नॉक्टुइडीतलीच, पण आज तिला नॉक्टुइनी या उपकुलात ठेवतात. तिचंही नाव बदललेलं आहे, जुन्या पुस्तकांत ती प्रोडेनिया म्हणून सापडेल.

एचएएनपीव्ही हा हेलिकोव्हर्पा आर्मिजेराचा विषाणू. ‘एचए’ म्हणजे त्या नावाची दोन आद्याक्षरं, जुन्या हेलिओथिस नावालाही तीच चालत होती. स्पोडोप्टेरासाठी एसएलएनपीव्ही वेगळा मिळतो. हा विषाणू माणसाला, जनावराला, मधमाशीला काही करत नाही याचं कारणच हे की तो आपल्या अळीपुरता आहे. जी गोष्ट त्याला सुरक्षित करते तीच त्याला दुसऱ्या अळीवर निकामी करते. उपकुल ओलांडून चालणारं जैविक हवं असेल तर नोमुरिया रिलाई ही बुरशी घाटे अळी आणि स्पोडोप्टेरा दोन्हींवर येते, मात्र तिला हवेत भरपूर ओल लागते. म्हणून ती खरिपात सोयाबीनवर चांगली चालते, हरभऱ्याच्या कोरड्या थंडीत नाही. तिचंही आताचं नाव मेटारायझियम रिलाई आहे, लेबलवर दोन्हींपैकी कुठलंही दिसेल.

हरभऱ्यात एचएएनपीव्ही एकरी २०० एल.ई. वापरा. एक एल.ई. म्हणजे रोगाने मेलेल्या एका पूर्ण वाढलेल्या अळीइतका विषाणू, सुमारे ६०० कोटी कण. ऊन त्याला मारतं, म्हणून फवारणी संध्याकाळी करा आणि द्रावणात थोडी नीळ टाका. अळ्या लहान असतानाच मारा. बोटाएवढ्या जाड झालेल्या अळीवर त्याचा भरवसा नाही. चार-पाच दिवसांनी रानात जा. रोगट अळ्या शेंड्याकडे चढून उलट्या लटकलेल्या दिसतील, बोट लावलं तर फुटून पाणी होतात. पहिल्या दोन दिवसांत अळी मरत नाही म्हणून वरून रासायनिक मारणारे पुष्कळ आहेत. तेवढा धीर धरा.

याच फेरीत पानांवर एक गोष्ट बघा. तांदळाएवढे राखाडी कोश, त्यावर काळे ठिपके, आणि शेजारी चिकटलेलं सुकलेल्या लहान अळीचं कातडं. ती कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाच्या बारीक गांधीलमाशीची कामगिरी. तिची अळी घाटे अळीच्या पोटात वाढते आणि घाटे पोखरण्याआधीच तिला संपवते. तिच्या नावातलं ‘क्लोरिडी’ क्लोरिडिया या वंशावरून आलं, कारण एकेकाळी या पतंगांना त्या वंशातही घालत. २०१३ मध्ये क्लोरिडिया वंश पुन्हा वापरात आला, पण आता त्यात अमेरिकेतले तंबाखू-बोंडावरचे पतंग आहेत, आपला नाही. हे कोश जागोजागी दिसत असतील तर रासायनिक फवारणी थांबवा. मी स्वतः अशा रानात पक्षीथांबे आणि ५ टक्के निंबोळी अर्कावर भागवायला सांगतो.

प्रश्न : करडईच्या बोंडात आणि परसातल्या वालाच्या शेंगेत अळी आहे. दोन्ही घाटे अळीच समजायच्या का?

उत्तर : उपकुल एकच, पण वंश तीन असू शकतात. करडईत घाटे अळी येतेच, आणि तिच्यासोबत हेलिओथिस पेल्टिजेराही येते. १९६५ च्या वाटणीनंतर ती हेलिओथिसमध्येच राहिली. वालाच्या शेंगेत ॲडिसुरा ॲटकिन्सोनी असण्याची शक्यता मोठी. ही मुख्यतः वालावरच जगणारी आहे, म्हणून तुमच्या तुरी-हरभऱ्याला तिच्यापासून धास्ती नको. पोखरलेल्या शेंगा अळीसकट तोडून नष्ट केल्या तर परसापुरतं काम होतं. तोडून खायच्या शेंगांवर रासायनिक फवारू नका. कोषात जाताना या सगळ्या जमिनीत उतरतात, त्यामुळे पीक निघाल्यावर खोल नांगरट करून कोष उन्हात आणणं तिघींनाही लागू पडतं.

अळीवरून वंश सांगणं मलाही नेहमी जमत नाही, पतंग होऊ द्यावा लागतो. नमुना आणताना चिरडलेली अळी कागदात बांधून आणू नका. झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत, ज्या पिकावर सापडली त्याच्याच शेंगेसकट, जिवंत आणा आणि गाव, पीक, तारीख चिठ्ठीवर लिहा. एका डबीत एकच अळी ठेवा. घाटे अळ्या एकमेकींना खातात, संध्याकाळी दोन ठेवल्या तर सकाळी एकच उरते.