वय हे कारण नव्हे

प्रिय पोरी,

तुमच्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी, चिंगीसाठी, डायपर कुठला घेऊ, हा तुझा पहिला प्रश्न वाचून मी चिडलो. तुझ्यावर नव्हे, तुला 'वय झालं की असं व्हायचंच' असं सांगणाऱ्यांवर. वय हे कारण नव्हे. चिंगी अंथरूण का ओलं करते ते आधी शोध. डायपर घे हवं तर, पण तपासणीच्या बदल्यात नको.

तू लिहिलंयस की ती गाढ झोपेत असते आणि उठल्यावर खाली ओलं दिसतं. म्हणजे तिला कळतच नाही. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे पुष्कळदा दिसतं: इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, मूत्रमार्ग आवळून धरणारे स्नायू सैल पडतात. यावर गोळ्या आहेत आणि बऱ्याच जणींचं गळणं त्यांनी थांबतं किंवा कमी होतं. पण गोळी डॉक्टरांनीच द्यायची, तीही लघवी तपासून. जंतुसंसर्ग असेल तर औषध वेगळं.

पाणी मोज. भांडं भरताना मापाने भर, चोवीस तासांनी उरलेलं वजा कर. किलोमागे शंभर मिलिलिटरच्या वर जात असेल, म्हणजे तुमच्या अठरा किलोच्या चिंगीला एक लिटर आठशेच्या वर, तर मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) यांचा शोध घ्यायलाच हवा. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांग. आणि रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेव असं आई म्हणतात, ते करू नकोस. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर तू तिला मारशील.

आमच्या मोत्याच्या वेळी वर्षभर 'म्हातारा झालाय' एवढंच ऐकलं. साखर तपासली गेली तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती खंत अजून जात नाही. म्हणून मी हट्टी आहे, आणि राहणार. त्याच्यासाठी घरभर सतरंज्या अंथरल्या, कारण गुळगुळीत लादीवर त्याचे मागचे पाय फाकायचे आणि उठून दारापर्यंत जाईतो व्हायचं. नातेवाइकांनी येणं कमी केलं. करू दे. ज्यांना वास सोसत नव्हता त्यांच्यासाठी मी त्याला गॅलरीत बांधणार नव्हतो, आजही बांधणार नाही.

शेतावर सोडायचं म्हणणाऱ्या मामांना सांग, पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं पडेल असं सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

ओरडू तर अजिबात नकोस. झोपेत झालेल्या गोष्टीचा राग तिला कसा कळणार? कोमट पाण्याने मांड्या पुसून कोरड्या कर, तिथले केस कापून ठेव, नाहीतर कातडी सोलवटते. फिनाईलने वास झाकला जातो, जात नाही, आणि ओल्या फिनाईलवरून चालून ती पंजे चाटते. एन्झाइमवालं क्लीनर आण.

उद्या सकाळची पहिली लघवी लांब दांड्याच्या पळीत धर, स्वच्छ डबीत घालून लगेच दवाखान्यात ने. जंतूंचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, करायचं ठरलं तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतील, घाबरू नकोस. रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) मागून घे. कोणी पुन्हा 'वय झालं' म्हणून परत पाठवलं तर दुसरा दवाखाना गाठ. रिपोर्टचे फोटो पाठव, आणि संध्याकाळी आईंना फोनवर दे, मी बोलतो त्यांच्याशी.

तुझा,
काका