सत्तेचाळिसाव्या वर्षी बॉलरूम डान्स शिकायला सुरुवात करणं शहाणपणाचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा जोडीनं करायचा नाच, शिकायचाय, तुम्हाला लाज वाटते आणि गुडघेही कुरकुरतात. मी ४९ व्या वर्षी सुरुवात केली, आता ५३ चा आहे.

निमित्त झालं मडगावच्या एका लग्नाचं. बँड सुरू झाला आणि साठी ओलांडलेल्या बायका नवऱ्यांचा हात धरून सहज फ्लोअरवर उतरल्या. आम्ही दोघं प्लेट हातात घेऊन खुर्चीला चिकटलेलो. परतताना बायको गाडीत काही बोलली नाही, तेव्हाच क्लास लावायचं ठरलं म्हणायचं.

आधी गुडघे. माझ्या बाबतीत घोळ बुटांचा निघाला. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज जमीन धरून ठेवतात. अंग वळतं, पाऊल वळत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. नाचाच्या बुटांना सुएडचा, म्हणजे मऊ लवदार चामड्याचा तळ असतो. ते घेईपर्यंत ऑफिसचे जुने चामडी तळाचे बूट चालतील. दुखणं जुनं असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि जाइव्ह, म्हणजे तो उड्यांचा वेगवान नाच, सध्या नकोच.

वॉल्ट्झचं 'वन-टू-थ्री' मला काही केल्या पकडता येईना. शाळेत असताना दोन वर्षं तबल्याला जायचो, म्हणून एकदा मनात सहा मात्रांचा दादरा ताल लावून बघितला आणि गाठ सुटली. बॉक्स स्टेपची, म्हणजे वॉल्ट्झमधल्या चौकोनी फेरीची पावलंही बरोबर सहा. 'धा धी ना'ला डावा पाय पुढे, 'धा ती ना'ला उजवा मागे. म्हणजे समेला (पहिल्या मात्रेला) डावा, खालीला (चौथ्या मात्रेला) उजवा. लय मिनिटाला साधारण ८४ ते ९० मात्रा, दम लागत नाही. व्हिएनीज वॉल्ट्झ मात्र जवळजवळ दुप्पट वेगाचा. त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

खरी पंचाईत वेगळीच होती. मी कपाट सरकवावं तसा बायकोला हातांनी ढकलायचो, ती माझ्या पावलांवर नजर ठेवून चुका मोजायची. क्लासमध्ये निम्मा वेळ घरचंच भांडण. दुसऱ्या आठवड्यात सरांनी जोड्या बदलल्या. अनोळखी काकूंना ढकलायची काही हिंमत होईना, तेव्हा कुठे कळलं की इशारा हातातून नाही, धडातून जातो. आपलं वजन पूर्णपणे एका पायावर नेलं की समोरच्या माणसाला पुढचं पाऊल आपसूक कळतं. वजन दोन्ही पायांत वाटून ठेवलं तर त्या बिचारीला अंदाजच येत नाही. म्हणून क्लास लावताना 'जोड्या फिरवता का' हे नक्की विचारा. फीपेक्षाही आधी.

लाजेचं म्हणाल तर मला दोन-तीन महिने वाटत होती. घरी सराव करा, पण फरशीवर सुएड घसरतं आणि मोज्यांवर तर अजिबात नाचू नका. आम्ही जेवणानंतर टीपॉय भिंतीला लावतो आणि पंधरा मिनिटं नाचतो. मुलगा तेवढा वेळ आपल्या खोलीचं दार लावून घेतो.