मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये (जिच्या केसासारख्या बारीक चॅनेलमधून द्रव वाहतात) नुसत्या रासायनिक अभिक्रियांनी सिग्नल प्रोसेसिंग होते का, की शेवटी सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर (कोड चालवणारी छोटी चिप) लावावाच लागतो?

होते. मी स्वतः केलीय, म्हणून लिहितोय.

रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी केमिस्ट्रीवाला आणि जोडीदार इलेक्ट्रॉनिक्सवाला. मला फक्त रसायनांवर चालणारा कंपॅरेटर हवा होता, म्हणजे सिग्नल ठरावीक मर्यादेच्या वर आहे की खाली ते सांगणारा. वाय आकाराच्या चॅनेलच्या एका फाट्यातून सिग्नल म्हणून आम्ल, दुसऱ्यातून ठरावीक मात्रेत कॉस्टिक सोडा आणि फिनॉल्फथॅलीन (सोड्यात गुलाबी, आम्लात रंगहीन होणारा सूचक). आम्ल कमी पडलं तर गुलाबी रंग टिकतो, म्हणजे 0. सोड्याला पुरून उरलं तर रंग जातो, म्हणजे 1. सोड्याची मात्रा हाच थ्रेशोल्ड, म्हणजे ती मर्यादा.

पहिल्या दिवशी आम्ल भरपूर सोडूनही एका कडेचा गुलाबी पट्टा शेवटपर्यंत हलला नाही. जोडीदार म्हणाला, "तुझ्या केमिस्ट्रीला हे झेपणार नाही. पीएच सेन्सर लाव, बाकी कोड बघेल." रबाळे ते ठाणे लोकलमध्ये तोच वाद. रात्री घरी हिशेब मांडला. चॅनेल 200 मायक्रॉन रुंद, वेग सेकंदाला 1 सेंटिमीटर, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा) 2च्या आसपास, म्हणजे अगदी शांत. अशा वेळी दोन प्रवाह घुसळत नाहीत, शेजारी-शेजारी वाहतात. मिसळतात ते फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरून. त्याला दहा-एक सेकंद हवेत. आमचं चॅनेल 2 सेंटिमीटरचं, म्हणजे 2 सेकंदांचं! अभिक्रिया बरोबरच होती, तिला वेळ मिळत नव्हता. 12 सेंटिमीटरचं नागमोडी चॅनेल केलं आणि रंग गेला.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या यान्शा डेंग यांच्या गटाच्या, रेणूंतून संदेश पाठवण्यासाठीच्या रिसीव्हरमध्येही हेच तत्त्व आहे: आधी एक अभिक्रिया थ्रेशोल्डइतके रेणू खाऊन टाकते, मग उरलेल्यांना दुसरी अभिक्रिया वाढवते. ट्रान्समीटरमध्येही पल्सला (एका वेळी सोडलेल्या रेणूंच्या लाटेला) आकार अभिक्रियाच देतात.

मायक्रोकंट्रोलर लावलात तर तुम्ही रसायन मोजताय, रसायनाकडून निर्णय करून घेत नाही. शरीराच्या आत, जिथे बॅटरी आणि तारा नेणं अवघड, तिथे हा फरक मोठा आहे. म्हणून कोणी "कोड बघेल" म्हणालं की आधी चॅनेलची लांबी आणि विसरणाचा वेळ काढून समोर ठेवा.

वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नका, आणि रसायन प्रत्येक बिटला खर्ची पडतं. शिवाय मधला प्रवाह जलद, कडेचा संथ, त्यामुळे पल्स पसरत जातो. भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1953 मध्येच हे मांडलंय. माझ्या लांब चॅनेलमध्ये दोन पल्समध्ये बरंच अंतर सोडावं लागायचं, नाहीतर आधीच्याची शेपटी पुढच्यात शिरायची.