आधी त्या नऊ गोळ्या, मग करिअर

नमस्कार,

मुलीने एआय वापरून जनुकांवरून पूरक गोळ्या सुचवण्याच्या क्षेत्रात करिअर करावं, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या पत्राची दोन पानं कोर्स, कंपनी आणि 'या क्षेत्राचं भविष्य' यांनी भरली आहेत. मुलीच्या बोटांना मुंग्या येतात हे मात्र एकाच वाक्यात आलंय, तेही 'लिहून लिहून होत असेल' म्हणून सोडून दिलेलं. मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

सतरा वर्षांच्या मुलीची लाळ जनुकीय चाचणीला पाठवली, अहवालात 'एकाग्रता' आणि 'स्मरणशक्ती' यांच्यापुढे लाल खूण आली, आणि ॲपने सुचवलेल्या नऊ गोळ्या ती चार महिने रोज घेते आहे. तुम्हीच जोडलेल्या यादीत बी-६ जीवनसत्त्व तीन गोळ्यांत आहे: ५०, २५ आणि ५० मिलिग्रॅम. बेरीज कुणीच केलेली दिसत नाही. ती १२५ होते. तिच्या वयासाठी अमेरिकेत ठरलेली कमाल मर्यादा ८० आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठीसुद्धा ती १२ वर आणली. बी-६ दीर्घकाळ जास्त गेलं की हातापायांच्या नसांना इजा होते आणि त्याची सुरुवात बहुधा मुंग्यांनीच होते. बी-१२ कमी पडलं तरी मुंग्या येतात, आणि यादीतलं भरपूर फॉलिक ॲसिड त्या कमतरतेतला रक्तक्षय झाकून ठेवू शकतं. नसांचं नुकसान आत चालूच राहतं. म्हणून घरी अंदाज बांधत बसू नका. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. यादीत बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्वही आहे. रक्त देण्याआधी तसं प्रयोगशाळेत सांगा, कारण त्याने थायरॉईडसारख्या काही चाचण्यांचे आकडे चुकतात.

दुसरी गोष्ट तिच्या संमतीची. लाळेची नळी पाठवण्यापूर्वी तिला विचारलं होतं, असं पत्रात कुठेच नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जनुकं बदलता येत नाहीत. २३अँडमी या जनुकीय चाचणी करणाऱ्या कंपनीकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मुलीला आता सगळं समजावून सांगा. तिची इच्छा असेल तर माहिती पुसण्याची आणि उरलेला नमुना नष्ट करण्याची अशा दोन्ही मागण्या स्वतंत्रपणे लेखी करा. एकीत दुसरी आपोआप येईलच असं नाही.

अहवालात 'गणिताकडे कल कमी' असं आहे, म्हणून तिने गणित सोडून तयार सॉफ्टवेअर शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स करावा, असं तुमचं म्हणणं. सुमारे १ लाख २६ हजार लोकांच्या २०१३ मधल्या अभ्यासात शिक्षणाशी जोडलेल्या सर्वांत ठळक जनुकीय फरकाचा परिणाम किती निघाला? प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात; त्यांतल्या एका प्रतीमागे साधारण एक महिन्याचं शालेय शिक्षण. एवढ्याशा पुराव्यावर तुम्ही तिचं गणित बंद करायला निघालात, हे मला अजिबात पटलेलं नाही. हवामानाच्या आकड्यांचे तक्ते साफ करत ती रात्री जागते, हेही तुम्हीच लिहिलंय, तक्रारीच्या सुरात. तिचा कल त्या जागण्यात दिसतो.

आता तुमचा मुख्य समज: एआयला पुरेशी जनुकीय माहिती दिली की कुणाला कोणतं पूरक द्यायचं ते त्याला कळतं. कळत नाही, कारण उत्तराचा रकानाच बहुधा रिकामा असतो. गोळीआधी रक्तातली पातळी किती, तीन महिन्यांनी किती, आणि गोळी न घेणाऱ्या तशाच गटात किती, हे मोजलेलं नसेल तर मॉडेल शिकणार काय? वर्गणी कोण चालू ठेवतं एवढीच नोंद असेल तर ते वर्गणीदार ओळखायला शिकेल. शिवाय स्वस्त चाचणीत डीएनएतल्या साधारण ६ लाख जागा तपासतात. नेहमीचा ०.०५ चा, म्हणजे शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोग चालवून घेणारा, निकष लावला तर काहीही संबंध नसताना ३० हजार जागा 'महत्त्वाच्या' ठरतील. जिथे नीट मोजलं गेलं तिथलं चित्रही पाहा. सात युरोपीय देशांतल्या फूड४मी चाचणीत व्यक्तीनुसार दिलेला आहारसल्ला सर्वसाधारण सल्ल्यापेक्षा सरस ठरला, पण त्यात जनुकांची माहिती मिसळल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही. २००६ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नऊ महिन्यांच्या बाळाचा डीएनए काल्पनिक प्रौढांच्या नावांनी जनुकांवरून आहारसल्ला विकणाऱ्यांकडे पाठवला. डीएनए एकच असूनही सल्ले प्रश्नावलीत भरलेल्या सवयींप्रमाणे बदलले. कोणत्याही मॉडेलची हीच परीक्षा घ्यावी: जनुकांचे रकाने काढून ते पुन्हा चालवायचं. अचूकता तेवढीच राहिली, तर काम वय, लिंग आणि आहाराच्या नोंदी करत होत्या.

जनुकं निरुपयोगी आहेत असं नाही. लोह शोषण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या एचएफई जनुकाच्या दोन्ही प्रतींत सी२८२वाय हा बदल असेल तर शरीरात लोह साठत जाण्याचा धोका असतो. अशा माणसाला लोहाची गोळी देणं घातक ठरू शकतं. पण ड जीवनसत्त्व कमी आहे का, हे रक्तच थेट सांगत असताना जनुकांवरून अंदाज कशाला?

शिक्षणाचा मार्ग सरळ आहे: संख्याशास्त्राची पूर्ण पदवी, सोबत जीवशास्त्र, पुढे जैवसंख्याशास्त्र (जीवशास्त्र आणि वैद्यकातलं संख्याशास्त्र); प्रवेश परीक्षांची माहिती शाळेत मिळेल. त्या सहा महिन्यांच्या कोर्सच्या अभ्यासक्रमात नियंत्रित चाचणीची (गोळी घेणारा आणि न घेणारा गट यांच्या तुलनेची) रचना आणि अनेक तुलनांमुळे होणाऱ्या चुका हे विषय आहेत का, तेवढं विचारा. नसतील तर पैसे परत मागा.

तिला खरंच या वाटेने जायचं असेल, तर तिने सुट्टीत एक काम करून पाहावं. '१००० जीनोम्स' या जगभरच्या लोकांचे जनुकसंच नोंदवणाऱ्या प्रकल्पातली २,५०४ लोकांची माहिती सर्वांसाठी खुली आहे. त्यातून आरएस१८०११३३ या क्रमांकाचा, फॉलिक ॲसिडच्या वापराशी संबंधित एमटीएचएफआर जनुकातला फरक घेऊन वेगवेगळ्या लोकसमूहांत त्याचं प्रमाण काढायचं. लेखांत तो डीएनएच्या अक्षरांत 'सी'चा 'टी' असा लिहिलेला असतो, फाइलमध्ये 'जी'चा 'ए' दिसेल, कारण हे जनुक डीएनएच्या उलट्या धाग्यावर आहे, आणि दोन धाग्यांत 'सी'समोर 'जी' व 'टी'समोर 'ए' असतो. मानवी जनुकसंचाच्या संदर्भ नकाशाच्या ३७ आणि ३८ या आवृत्त्यांत त्याची जागाही वेगळी आहे. जिथे फरकातल्या दोन अक्षरांची जोडी ए-टी किंवा सी-जी असते, तिथे धागा उलटला तरी अक्षरं तीच दिसतात आणि चूक गुपचूप निसटते. असल्या गोष्टी शोधत बसण्यातच या कामाचे बरेच दिवस जातात. ते तिला आवडतं का, हे दोन आठवड्यांत तिचं तिलाच कळेल.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. करिअरबद्दलचं पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या.